गुलाबी शेपटीची म्हैस

पंचगंगेला मिळणाऱ्या एका ओढ्यात मी गुलाबी रंग ओतला, तो नेमका दिवाळीच्या पाडव्याचा आदला दिवस. रंग निरुपद्रवी. पाण्यात विरघळलेली वस्तू किती वेळात आणि किती पसरत खाली जाते, याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडलं होतं. ते खरं ठरतं का, ते बघायचं होतं.

खालच्या घाटावर एक गवळीकाका म्हैस धुवायला उभे. कपाळावर जन्मजात पांढरा टिळा, शेपटीला पांढऱ्या केसांचा गोंडा, अशी देखणी म्हैस! पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी नटून मिरवतात, आणि यंदाचा पहिला नंबर आपलाच, असं काकांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं.

“पावणं, पाणी कवा निवळंल?”

मी नाटकातल्या राजासारखा हात उंचावला. “तुमची भाकरी खाऊन होईपर्यंत ओढा आरशासारखा!”

काकांनी भाकरी खाल्ली, तंबाखू मळली. मधली धार खरंच निवळली. मी कमरेत वाकून मुजरा केला. म्हैस मात्र धारेत थोडीच बसते? ती काठच्या डोहात शिरली, तिनं एकदा डोकंही बुडवलं आणि मानेपर्यंत पाण्यात ध्यानस्थ झाली. बाहेर आली तेव्हा टिळा गुलाबी, गोंडा गुलाबी!

डोहात पाणी जागच्या जागी घुमतं, रंग धरून ठेवतं आणि सावकाश सोडतं. माझ्या गणितातला ओढा सरळ पन्हळासारखा होता. त्यात डोहच नव्हता.

साबण झाला, शिकेकाई झाली, लिंबू झालं. रंग हटेना.

“तुमच्या कॉम्प्युटरात म्हशी बसत न्हाईत व्हय?” काका कडाडले. “उद्या माझा नंबर गेला की बघा! मिरवणुकीत म्हशीच्या म्होरं तुमीच चालायचं. लोकं इचारतील, त्यास्नी तुमी तोंड द्यायचं!”

घरी जाऊन मी आधी गणितात डोह घातला, मग फेटा शोधला.

पाडव्याला म्हशीच्या गळ्यात कवड्या, शिंगांना मोरपिसं, आणि पुढे मी. “शेपटीला काय झालंय ओ?” कुणीतरी ओरडलं. मी तोंड उघडणार, तोच काका गरजले, “सायन्सची म्हस हाय ही! हाय का तुमच्यात कुणाकडं?”

शिट्ट्यांनी रस्ता दणाणला. पहिला नंबर आला.

फोटोच्या वेळी परीक्षकांनी गोंडा बोटांनी चोळून बघितला. “रंग जाणार कवा ह्यो?”

गणितात आता डोह होता. मी छाती काढून म्हणालो, “चार दिवसांत!”

“आठ धरा,” काका म्हणाले.