तीन फुल्या झाल्या की घंटा

भगवानराव हे वरवट बकालच्या, कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या सहकारी जिनाचे सेक्रेटरी. म्हणजे चेअरमननं सही करायची आणि ती कुठं करायची हे भगवानरावांनी बोट ठेवून दाखवायचं. माणूस इमानदार. पान नाही, तंबाखू नाही, जिनातल्या सरकीचा दाणा कधी घरी नेला नाही. व्यसन एकच, व्यवस्था लावण्याचं. मागं त्यांनी जिनात पिण्याच्या पाण्याची व्यवस्था लावली होती, तेव्हापासून मजूर बाया घरूनच पाणी पिऊन येऊ लागल्या. घरीही त्यांचा कारभार शिस्तीचा. बायकोला हाक मारायची झाली तर ओसरीवरून "ऐकतं का कोणी घरात?" एवढंच. तिचं नाव त्यांनी लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, नंतर त्याची गरज पडली नाही.

पाकिस्तानशी लढाई होऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. शत्रू वरवट बकालवर चालून येण्याचा संभव तसा कमीच होता, कारण एस.टी.लाही इथवर यायला रडू येई. पण अकोल्याला नागरी संरक्षणाचं शिबिर भरलं आणि जिनाचा एक माणूस पाठवा असं पत्र आलं. दुसरं कोणी जाईना म्हणून भगवानराव गेले. परत आले ते एक शिट्टी आणि एक शब्द घेऊन. तो शब्द म्हणजे 'परवलीचा शब्द'. लष्करात म्हणे त्याच्याशिवाय पान हलत नाही.

इकडे जिनातून सरकीची पोती कमी होत होती. कोण नेतं ते कळत नव्हतं. भगवानरावांना ती चोरी मनाला फार लागली होती, कारण ठपका आपल्यावर येणार हे त्यांना दिसत होतं. मग काय, हातात हातोडा आला की सगळीकडं खिळेच दिसतात. त्यांनी व्यवस्था लावली. पुढच्या फाटकावर रहेमतुल्ला चौकीदार, मागच्या गाड्यांच्या फाटकावर निवृत्ती. दोघांजवळ एकेक पाटी. आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं परवलीचा शब्द सांगायचा. बरोबर आला तर पाटीवर टिंब, चुकला तर फुली. एकाच माणसाच्या तीन फुल्या झाल्या की घंटा ओढायची आणि त्या दिवशी त्याला आत घ्यायचं नाही. घंटा झाली की इंजिन बंद, पुढचं फाटक बंद, सगळी माणसं पुढच्या अंगणात हजर, आणि भगवानराव शिट्टी फुंकत मजुरांची शिरगणती करणार. मागचा निवृत्ती तेवढा आपली जागा सोडणार नाही. पाट्यांवरच्या फुल्या भगवानराव रोज स्वतः तपासणार. चोर तीनदा चुकणारच, असा त्यांचा हिशोब होता. बाहेरच्या माणसाला शब्द कुठून माहीत असणार?

आता शब्द कोणता ठेवायचा? इथं भगवानरावांच्या अकलेला खरा मोहर आला. जिनाचे चेअरमन रामराव. रोज सकाळी शेदीडशे तोंडांतून चेअरमनचं नाव निघालं तर चेअरमनच्या कानाला ते कडू लागणार होतं का? शब्द ठरला, 'रामराव'.

पहिल्या दिवशी रहेमतुल्लानं इंजिनवाल्या फकीर मोहम्मदला अडवलं. फकीर मोहम्मद त्याचा सख्खा साडू. कालच दोघं एका ताटात जेवले होते.

"शब्द सांग."

"अबे, मले वळखत नाही काय तू?"

"वळखतो. पन शब्द सांग."

फकीर मोहम्मदनं शब्द सांगितला आणि साडूकडं असं पाहिलं की पुढच्या सणाला शीरखुर्मा मिळणार नाही हे रहेमतुल्लाला तिथंच कळलं.

रांग पुढं सरकत होती. रुखमाबाई आली आणि रांग थांबली. रुखमाबाई कवडी निवडणारी, म्हणजे चांगल्या कापसातून डागी, किडका कापूस वेगळा काढणारी. हात असा की तिनं निवडलेल्या ढिगात पुन्हा कोणी बोट घालत नसे. नवरा गाडीखाली पाय सापडून घरी पडलेला. चूल पेटायची ती हिच्या जिनातल्या कामावर. आणि त्या नवऱ्याचं नाव रामराव.

"सांग वं बाई," रहेमतुल्ला म्हणाला.

"ते... वच्छीचे बाबा."

रहेमतुल्लानं पाटीकडं पाहिलं. मागं भगवानराव उभे. त्यानं फुली मारली.

"माह्या घरचे," ती म्हणाली. दुसरी फुली.

तिसऱ्या वेळी तिनं चेअरमनच्या वाड्याकडं हात केला. "ते तिकडचे मोठे मालक हायेत नं, त्याईचं जे हाय तेच." तिसरी फुली. घंटा झाली.

इंजिन थांबलं, माणसं धावत अंगणात आली, शिट्टी वाजली. भगवानरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. व्यवस्था चालत होती. रहेमतुल्ला त्यांच्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, तिच्या मालकाचं नाव तेच हाय. बाई कशी घेईन?"

"नियम म्हणजे नियम," भगवानराव म्हणाले. "उद्या चोर म्हणंल, माझ्याही नवऱ्याचं नाव तेच."

चोराला नवरा कसा असेल, हे विचारायची रहेमतुल्लाची छाती झाली नाही.

रुखमाबाई घरी गेली. दुसऱ्या दिवशी मात्र ती मन घट्ट करून आली. रात्रभर तिनं काय सोसलं असेल ते तिलाच ठाऊक. डोईवरचा पदर पुढं ओढला, नजर जमिनीत घातली आणि शंभर माणसांसमोर, हमालांसमोर, पोराटोरांसमोर तिनं उखाणा घेतला.

"पऱ्हाटीच्या बोंडाले टोकाची धार,
रामरावांचं नाव घेते, उघडा फाटकाचं दार."

बाया हसल्या नाहीत. रहेमतुल्लाचा हात टिंब द्यायला खाली गेला होता. भगवानरावांनी तो वरच्या वर धरला. "शब्द एक आहे. हे झाले दहाबारा. पुढंमागं काही चालणार नाही." आणि फुली पडली. ही गोष्ट लिहितानाही मला त्या माणसाचा राग येतो. लग्नाच्या मांडवात ज्या नावासाठी बाया अडून बसतात, ते नाव तिनं फाटकावर उघडं टाकलं होतं, आणि सेक्रेटरी शब्द मोजत बसले होते. ती रांगेतून बाजूला झाली. रहेमतुल्लानं मान फिरवून उरलेल्या दोन फुल्या मारल्या आणि घंटा ओढली.

गावाला काय, बोलायला एक निमित्त पाहिजे. रोज हिच्याच पायी घंटा होते म्हणजे काहीतरी असणारच. जी बाई दाणा उचलत नव्हती तिला लोक सरकीचोर म्हणू लागले. तरी ती रोज यायची, रोज तीन फुल्या घ्यायची, आणि मग फाटकाबाहेरच्या निंबाखाली बसून राहायची. दिवस मावळला की घरी. न यावं तर काम सोडल्यासारखं होईल, आणि काम सुटलं तर चूल विझेल. भगवानरावांना ती बसलेली दिसे. ते चष्मा पुसत आणि दुसरीकडं पाहत.

सरकी कमी होतच होती. उलट जरा जास्तच.

एवढ्यात चेअरमनना व्यवस्थेची कीर्ती कळली. एक दिवस छकड्यातून ते स्वतः आले, सोबत त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई. रहेमतुल्लानं अदबीनं शब्द विचारला. चेअरमननी मिशीवर हात फिरवून स्वतःचंच नाव सांगितलं. ते त्यांनी इतक्या गोडीनं सांगितलं की पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा सांगितलं असतं. टिंब पडलं. ते आत गेले. भगवानराव त्यांना कौतुकानं इंजिनाकडं घेऊन गेले आणि मागं वळून पाहायचं विसरले.

फाटकावर सत्यभामाबाई उभ्या होत्या.

"बाईसाहेब, शब्द," रहेमतुल्ला म्हणाला. त्याचा चेहरा कापसाच्या गाठीसारखा सपाट होता.

"आत गेले नं आत्ता, ते," सत्यभामाबाई म्हणाल्या. फुली.

"आमच्या घरचे." फुली.

"अरे, सोन्यासारखं नाव हाय, पन म्या काऊन घेऊ?" तिसरी फुली. नियम म्हणजे नियम. रहेमतुल्लानं घंटा ओढली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्यानं मन लावून ओढली.

फाटक बंद झालं. सत्यभामाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि निंबाखाली बसलेल्या बाईजवळ गेल्या. "तुले काऊन बाहेर ठेवलं वं?"

"तेच नाव, बाईसाहेब. माह्या मालकाचंही."

सत्यभामाबाई जरीकाठी लुगड्यासह तिच्याशेजारी मातीत बसल्या. आत शिट्टी वाजत होती. तेवढ्यात जिनाच्या भिंतीला वळसा घालून एक गाडी मागच्या बाजूनं निघाली. वर कडबा, खाली पोत्यांची टोकं.

"ही कोनाची गाडी?"

"किसनरावाची. काट्यावरचे. घंटा झाली की रोज जाते. समदे पुढच्या अंगनात असतात नं."

किसनराव म्हणजे काट्यावर वजन करणारा आणि चेअरमनचा सख्खा पुतण्या. सत्यभामाबाईंनी विचारलं, "तू सांगतलं काऊन नाही कोनाले?"

"सरकीचोरनीचं कोन ऐकते?" रुखमाबाई म्हणाली.

सत्यभामाबाई उठल्या आणि बंद फाटकावर दोन्ही हातांनी थापा मारू लागल्या. फाटक उघडलं, माणसं धावली आणि अर्ध्या तासात त्यांनी गाडी शेगावच्या रस्त्यावरून परत आणली. चौकशी झाली. निवृत्तीनं आपली पाटी पुढं केली. बिचारा आज्ञाधारक माणूस, रोज शब्द विचारत होता, आणि किसनराव रोज पहिल्याच दमात, काकाचं नाव स्पष्ट आणि आदरानं सांगून पोती घेऊन जात होता. निवृत्तीच्या पाटीवर एकही फुली नव्हती. चोर चुकला तरच सापडणार होता, आणि चोर चुकत नव्हता. चुकत होती ती फक्त लाजणारी बाई.

चेअरमननी पुतण्याचं काय केलं ते घरातलं घरात राहिलं. भगवानरावांना मात्र त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "उद्या त्या बाईले मानानं आत घ्या."

भगवानरावांना वाईट वाटलं होतं. मनापासून वाटलं होतं, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पण माफी मागायची व्यवस्था त्यांना कुठल्याच शिबिरात शिकवली नव्हती. सकाळी ते फाटकाबाहेर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "या रुखमाबाई. शब्द बंद केला आहे. कोणी विचारणार नाही."

रुखमाबाई थांबली. मागं बायांची रांग, आत हमाल. तिनं पदर सावरला.

"काऊन बंद? चांगला नेम हाय. आज शब्द मी ठेवतो. तुम्ही सांगा." तिनं पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. "तुमच्या घरच्या बाईचं नाव घ्या. एकच शब्द. पुढंमागं काही नको."

भगवानराव हसले. कोणीच हसलं नाही, तेव्हा त्यांनी हसू आवरलं.

"आमच्या... आमच्या घरून," ते म्हणाले.

रहेमतुल्लानं पाटी घेतली आणि फुली मारली.

"म्हणजे, आमच्या दत्तूची आई."

दुसरी फुली. भगवानरावांचे कान लाल झाले. बायकोचं नाव शालू. किती साधा शब्द. तो त्यांच्या घशापर्यंत आला, तिथं शंभर माणसांच्या नजरा त्याला लागल्या, आणि तो तसाच मागं गेला. नाव घेता न येणं म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा पायाच्या अंगठ्यापासून कळलं. त्यांनी मान खाली घातली.

रहेमतुल्लानं तिसरी फुली मारली, पाटी भिंतीला टेकवून ठेवली आणि घंटा ओढली. इंजिन थांबलं. माणसं अंगणात गोळा होऊ लागली. त्या गर्दीतून वाट काढत रुखमाबाई आत गेली आणि आपल्या जागेवर कवडी निवडायला बसली. फाटक नियमाप्रमाणं बंद झालं. भगवानराव बाहेरच राहिले.