आईच्या उशीवरचा बीम

आमच्याआधी या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या काकांनी मला फसवलं. मी कापडाचं दुकान शून्यातून उभं केलं आहे. मालेगावहून माल घेताना मी प्रत्येक तागा उलटून बघते. तरी फसले.

आई माझ्याकडे राहते. बीमखाली झोपायचं नाही, एवढीच तिची अट. इंदिरानगरात आम्ही दोघींनी आठ-नऊ फ्लॅट पाहिले असतील. मी नळ सोडून बघायचे, खिडक्या सरकवायचे, पार्किंगवरून हुज्जत घालायचे. आई थेट आतल्या खोलीत जायची, पलंग कुठे बसेल ते ठरवायची, मान वर करायची आणि बीम दिसला की चपला घालायला लागायची.

या फ्लॅटमध्ये ती वर बघत राहिली. छत पांढरंशुभ्र, पीओपीचं, एका पातळीत. "इथं झोप लागेल मला," म्हणाली.

काका शेजारीच उभे होते. मी विचारलं, "वर बीम नाही ना?"

"ताई, तुम्हाला दिसतोय का कुठे?"

ते हसले, मीही हसले आणि भावावर आले. दोन तास घासाघीस केली. शेवटी गीझर आणि पडद्यांच्या दांड्याही सोडायला लावल्या. जिना उतरताना वाटलं, म्हाताऱ्याला चांगलाच वाकवला.

दोन वर्षांनी त्या छताला पोट सुटल्यासारखा फुगवटा आला. रंगकाम काढायचंच होतं, म्हणून म्हटलं, पीओपीही नवं करू. सिन्नरचा मिस्त्री आला. त्याने पहिला तुकडा उतरवला आणि शिडीवरूनच मला हाक मारली. "ताई, आजींना आधी बाहेर न्या."

वर बीम होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बरोबर आईच्या उशीवरून गेलेला. त्याची खालची बाजू छिन्नीने छाटलेली होती. आतल्या सळया उघड्या पडून गंजलेल्या. मिस्त्रीने बोट लावलं तर पापुद्रे पलंगावर पडले.

"हे असं कोण करतं?" मी विचारलं.

"लय जण करतात. बीमच्या खालून पीओपी घेतलं तर छत पार खाली येतं, पंखा डोक्याला लागंल. मग बीमच कमी करायचा. वास्तू पण झाली, उंची पण राहिली." तो शिडी मिटत म्हणाला, "टेकू लावल्याबिगर माझी माणसं मी हिथं उभी करणार नाय."

जिथे तो आपली माणसं उभी करायला तयार नव्हता, तिथे माझी आई दोन वर्षं झोपली होती.

इंजिनिअर येऊन गेले. नव्या सळया बांधून बीमला सगळीकडून काँक्रीट चढवावं लागेल, म्हणाले. म्हणजे बीम आधीपेक्षा जाड होणार, आणखी खाली येणार. आईने ते ऐकलं, आपली गोधडी उचलली आणि हॉलमधल्या दिवाणावर नेऊन ठेवली. तेव्हापासून तिथेच आहे. खोलीचं काय झालं, हे विचारतही नाही. खोलीत चार लोखंडी टेकू उभे आहेत.

मी काकांना फोन केला.

"बीम तुम्ही छाटलात?"

"आमच्या हिला बीमचं फार टेन्शन असायचं. कंत्राटदार म्हणाला, थोडासाच काढू."

"थोडासा? सळया बाहेर आल्यात."

"अहो, आम्ही बारा वर्षं झोपलो त्याखाली. आणि ताई, दांड्या मोजून घेतल्यात तुम्ही. छत काय मी लपवून ठेवलं होतं?"

त्यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर ते माझा फोन उचलत नाहीत. एरवी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले असते. पण दुकान, आई, मिस्त्रीच्या तारखा यांत माझ्यात भांडायचंही त्राण उरलेलं नाही.

वर मात्र जावंच लागलं. आमच्या डोक्यावर एक तरुण जोडपं राहतं. तिला सातवा महिना आहे. त्यांचा पलंग, कपाट, सगळं त्याच बीमवर आलेलं. मी सांगितलं, खालून बीम छाटलेला आहे, खोली रिकामी करा, आमचं काम होईपर्यंत तिथे झोपू नका. तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्ही कधी तोडलात हो तो?"

मी नाही, आधीच्यांनी, असं मी दोनदा सांगितलं. तिचा नवरा म्हणाला, "सगळे असंच म्हणतात." दार लोटलं गेलं. आता ती जिन्यात भेटली की पोटावर हात ठेवून बाजूला होते, माझ्याकडे बघत नाही.

खर्चाचं मी नंतर बघेन, ते मी सोडणार नाही हे काकांनाही माहीत आहे. पण आधी त्यांनी इथे यावं. माझ्याकडे नको, वरच्या मजल्यावर जावं. त्या मुलीच्या समोर बसावं आणि तिच्या पायाखालचा बीम कोणाला विचारून छाटला, ते स्वतःच्या तोंडाने सांगावं.