विष्णूने मानलेले आभार

दुपारच्या सुट्टीत डबा उघडला, तेवढ्यात विष्णूच्या गावाहून, केदारखेड्याहून फोन आला. विष्णू गेला. सुट्टी काढून गावी गेला होता, शेतात छातीत कळ आली आणि... पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. आता महिना उलटून गेलाय, तरी भट्टीसमोर उभं राहिलं की तो बाजूलाच आहे असं वाटतं.

जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या कारखान्यात आम्ही दोघं भट्टीवर. कंपनीचा सामाजिक उपक्रम निघाला की विष्णूच्या कपाळाला आठी पडायची. एकसारखे टी-शर्ट घालून आम्हाला झाडं लावायला नेलं, तेव्हा तो म्हणाला, "फोटो झाल्यावर ह्याला पाणी कोण घालणार, ते इचार." उन्हाळ्यात रोपं वाळली. तेव्हापासून साहेब लोक गोड बोलायला लागले की कॅमेरा कुठे आहे, ते आम्ही आधी बघायचो.

मग मोतीबिंदूचं मोफत शिबिर आलं. विष्णूच्या आईला कित्येक वर्षं धड दिसत नव्हतं, तरी हा नको म्हणत होता. म्हातारीच हटून बसली, "तुझं भांडण तुझ्यापाशी. मला दिसाया पाहिजे." पट्टी काढली तेव्हा मी तिथेच होतो. ती लेकाकडे बघतच राहिली.

"विष्ण्या, तोंड असं करपलं कधी रे तुझं?"

तो हसला. पण बाहेर येऊन बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहिला...

कार्यक्रमात साहेबांनी त्यालाच आभार मानायला उभं केलं. काय बोलायचं ते पाठही करून घेतलं होतं. विष्णू माईकवर म्हणाला, "माझ्या मायला दिसून राह्यलं, त्याबद्दल मनापासून आभार. आता भट्टीवर आम्हाला चष्मे द्या. न्हाई तर पुढचं शिबिर आमच्यासाठीच घ्यावं लागंल." मागून एक टाळी वाजली, मग आम्ही सगळेच वाजवत राहिलो.

चष्मे आले. सोबत 'सामाजिक बांधिलकी'चा फलक आणि फोटोवालाही आला. विष्णूने चष्मा घेतला, "हे दान न्हाई साहेब, कामाचं सामान हाय," म्हणाला आणि कॅमेऱ्याकडे पाठ फिरवून तो डोळ्यांवर चढवला. त्या दिवशीच्या फोटोंत आमच्या नुसत्या पाठी आहेत.

म्हातारीला दिसायला लागलं, हे खरंच. तरी कंपनीवरचा माझा संशय जात नाही. आता कंपनीच्या पत्रकात विष्णूचा माईकवरचा फोटो छापून आलाय... 'आमच्या उपक्रमांचा खंदा कार्यकर्ता' म्हणून.

ते पत्रक खिशात घालून परवा केदारखेड्याला गेलो. दाखवावं की नाही, ठरत नव्हतं. पुढच्या खोलीत त्याची आई एकटीच बसली होती. तिने जवळ बोलावलं, हनुवटीला धरून माझा चेहरा दाराच्या उजेडाकडे वळवला आणि गालांवरून, डोळ्यांखालून नजर फिरवत राहिली.

"तुझी माय हाय का रे घरी?"

"आहे की."

"तिला दिसतं?"

"दिसतं."

"मंग ती काही म्हणत न्हाई?"