पेवाच्या तोंडाशी

सांगली स्टेशनावर आण्णा मला सोडायला आले तेव्हा त्यांच्या अंगाला हळदीचा वास येत होता. सकाळी कामावर जाऊन तसेच आले होते, सदऱ्याच्या दोन्ही बाह्या पिवळ्या. मी म्हटलं, निदान सदरा तरी बदलायचा. "मला कोण बगाय आलंय? जाणार तू हाईस," म्हणाले. गाडी हलली तशी बाकीच्यांचे बाप हात हलवायला लागले. माझे आण्णा खिडकीला धरून नुसते चालत राहिले, फलाट संपेपर्यंत. शेवटी एवढंच बोलले, "पोचलीस की आवाज दे." फोन कर म्हणाले नाहीत. समोरच्या बाकावरची बाई हसली आणि मला लाज वाटली. त्या लाजेची आज मला लाज वाटते, पण तेव्हा वाटली ती वाटलीच.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या आष्ट्याच्या नाहीतर कराडच्या स्टँडवरून दोन पिशव्या घेऊन निघालेल्यांसाठीही. गेलेल्यांना यातलं बरंचसं ठाऊक असणार. राहिलेल्यांना सांगायचं राहून गेलंय. आपण फोनवर जेवलीस का, पाऊस आहे का, यापलीकडे जात नाही.

मी भरूचजवळच्या एका केमिकल कारखान्यात आहे, सेफ्टी डिपार्टमेंटला. केमिस्ट्रीची पदवी घेऊन लॅबमध्ये लागले होते, तिथून इकडे वळवलं. काम म्हणजे दिवसभर लोकांच्या मागे लागायचं. हेल्मेट घाला, पट्टा लावा, परमिटवर सही कुठाय. सगळ्यांना नकोशी वाटणारी बाई, ती मी. पुढे बढती हवी तर कागद हवा, म्हणून एका विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स घेतला, पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा या विषयाचा. शिफ्टवरून यायचं, कुकर लावायचा, तूरडाळीच्या डब्याला मोबाईल टेकवायचा आणि वर्गात बसायचं. वर्ग म्हणजे काळ्या चौकोनांत नावं. कोणी केरळचं, कोणी मस्कतहून, कोणी कुठलं कळायचंही नाही. दोन वर्षांत मी त्यांतल्या एकाचाही चेहरा पाहिलेला नाही. तास संपला की सगळे एका झटक्यात जातात आणि स्क्रीनवर आपलाच चेहरा उरतो. कॉलेज सुटल्यावर सांगलीत आम्ही पोरी घाटावर जाऊन तासभर टिंगल करत बसायचो. इथे कुकरची शिट्टी होते, तेवढाच दुसरा आवाज.

कोर्समध्ये एक मॉड्यूल होतं बंदिस्त जागांचं. टाक्या, गटारं, विहिरी, जिथं माणूस आत जातो पण आतली हवा त्याला मारू शकते. सरांनी असाइनमेंट दिली की तुमच्या स्वतःच्या अनुभवातली अशी एक जागा लिहा, आत उतरायची पद्धत लिहा. बाकीचे बहुधा गुगल उघडून बसले असतील. मला गुगलची गरज नव्हती. मी पेवाच्या तोंडाशी वाढलेली मुलगी आहे.

नव्या पोरांना पेव माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्याकडे कृष्णाकाठच्या मातीत रांजणासारखे खड्डे खणलेले असत, दोन-तीन पुरुष खोल. पोट मोठं आणि तोंड एक माणूस जेमतेम जाईल एवढंच. आतून उसाच्या पाचटाचा थर द्यायचा, हळद भरायची, तोंड दगडामातीने लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं माल टिकायचा, उलट रंग चढायचा. पण बंद पेवातली हवा वाईट. उघडल्या उघडल्या उतरलेला माणूस वर येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून आदल्या दिवशी तोंड उघडं करून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर थांबायचं. जळत राहिला तर आण्णा उतरायचे.

आण्णांच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक बापूकाकांच्या हातात असे. हे आण्णांचे जोडीदार, सगळी हयात दोघांनी एकत्र काम केलं. आणि सुट्टीच्या दिवशी एक काम माझं असे. तोंडाशी बसून बोलत राहायचं. मी वरून "हाईसा का?" ओरडायचं, त्यांनी खालून "हाय!" म्हणायचं. दहा-बारा पाट्या भरल्या की पुन्हा. जरा जरी उत्तराला उशीर झाला तर बापूकाका दोर ओढणार. खालच्या माणसाने उगीच गप्प बसायचं नाही आणि वरच्याने हाक चुकवायची नाही. आण्णांचा एक नियम पक्का होता, तो त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. "वरनं आवाज न्हाई, तर खाली कुणी न्हाई." वर बोलणारं कोणी नसेल तर ते उतरत नसत. हळदीचा मालक शेठ ओरडला तरी नाही.

हे सगळं मी इंग्रजीत लिहिलं, तीन रात्री डिक्शनरी घेऊन. सरांनी परत पाठवलं. ज्योत लावून हवा तपासणं मान्य नाही. आत पेट घेणारा वायू असला तर भडका उडेल आणि विषारी असला तर कंदिलाला पत्ताही लागणार नाही. मीटर वापरा, पुन्हा सबमिट करा. फक्त वरून हाका मारणाऱ्या पोरीच्या परिच्छेदापुढे त्यांनी लिहिलं होतं, चांगलं निरीक्षण. मी त्या दोन शब्दांवर रडले. राग आला होता म्हणून रडले, आणि घरची आठवण आली म्हणूनही.

आण्णांना फोन करून सांगितलं, मोठ्या शहाण्यासारखं, की आण्णा, तुमचा कंदील चुकीचा आहे. ते पोटभर हसले. "मग इतकी वर्सं मी कसा जित्ता ऱ्हायलो गं?" तेव्हा हळद कोल्ड स्टोरेजला जायला लागूनही बरीच वर्षं झाली होती. पुरांनी बहुतेक पेवं बुजली होती. मला वाटलं, जाऊ दे, आता कुठलं पेव आणि कुठला कंदील.

मग गेल्या मे महिन्यात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, आण्णांचा फोन आला. कधी त्या वेळेला करत नाहीत. मी कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर डबा उघडून बसले होते.

"ऐक," म्हणाले. "शेठची मळ्याकडची जागा इकायची हाय. त्यात एक पेव निगालं, हळदीसकट. काल तोंड उगडून ठेवलंया. कंदील सोडलाय, झ्याक जळतुया."

"तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कोण असणार?"

खरंच, कोण असणार. आईला जाऊन सात वर्षं झाली. बापूकाका गुडघे गेल्यापासून कराडला मुलाकडे. बाकी कोणाला ते काम येत नाही आणि यायची इच्छाही नाही. आण्णांनी दोर कडुनिंबाला बांधला होता. आणि फोन स्पीकरवर टाकून पेवाच्या तोंडाशी, एका विटेवर ठेवला होता.

"तू बोलत ऱ्हा वरनं," म्हणाले. "पयल्यासारकं. मी खालनं व्हय म्हणतो."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. त्यांच्या आवाजात खुशी होती, ते मला अजून सलतं. किती वर्षांनी पेवाचं काम मिळालं होतं, आणि किती वर्षांनी आम्ही दोघं एका कामावर होतो. त्यांच्या हिशेबाने सगळं नियमात बसत होतं. आदल्या दिवशी उघडलेलं तोंड, जळणारा कंदील, वर आवाज. फक्त ती वर बसणारी पोरगी गुजरातेत कट्ट्यावर बसलीय आणि तिच्या हातात दोर नाही, एवढंच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्या पेवावरून दोनदा महापूर गेला होता. आत पाणी शिरून माल कुजला असेल तर काय होतं, ते माझ्या मॉड्यूलमध्ये होतं आणि त्यांच्या कंदिलात नव्हतं.

"आवं आण्णा, उतरू नगा," मी ओरडले. इथे आल्यावर जिभेवरून गेलेली बोली तेव्हा आपोआप आली. "कुजल्याली हवा कंदिलाला कळत न्हाई. दोर कोण वडणार तुमचा?"

"तू आवाज दे गं. बाकी मी बगतो."

मग दोराचा खरखर आवाज आला. ते उतरायच्या तयारीत होते. शेजाऱ्याला फोन लावायचा तर हा फोन ठेवावा लागला असता. आणि समजावून ऐकणारा माणूस तो नव्हे, मी त्यांचीच मुलगी, मला माहीत आहे. जेवढं बोलेन तेवढा त्यांना वरून आवाज मिळत राहणार होता. म्हणून मी एकच गोष्ट केली. मी गप्प बसले.

"हाईस का?" आण्णांनी विचारलं.

मी ओढणीचा बोळा तोंडात धरला.

"हाईस का गं?"

फोन चालू आहे हे त्यांना दिसत होतं. पलीकडे मी श्वास घेतेय हेही बहुधा ऐकू जात होतं. कुठेतरी होला घुमत होता. ते तिसऱ्यांदा म्हणाले, "पोरी, हाईस का?" आणि ते मघासारखं नव्हतं, त्यात जरा भीती होती. आजवर मी त्यांची हाक कधी चुकवली नव्हती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, हाय, हाय, हितंच हाय. मी नाही सांगितलं.

बराच वेळ गेला. मग कंदिलाची कडी किणकिणली. ते कंदील वर घेत होते. "बरं," एवढंच म्हणाले आणि फोन बंद झाला.

त्यानंतर तीन आठवडे त्यांनी माझा फोन उचलला नाही. शेजारच्या वहिनींकडून कळायचं, जेवतात, कामाला जातात, बरे आहेत. आईच्या जाण्यानंतरही मी इतकी एकटी नव्हते. शिफ्टवरून येऊन कुलूप काढायचे तेव्हा रिकाम्या खोलीला मीच म्हणायचे, हाय. मी बापाचा जीव वाचवला की त्याच्या हातचं शेवटचं काम काढून घेतलं, हे मला कोणीच सांगू शकत नव्हतं. असाइनमेंट पुन्हा सबमिट केली. बाहेर थांबणाऱ्या माणसाच्या परिच्छेदात एक ओळ वाढवली की तो माणूस तोंडाशी हजर असला पाहिजे आणि दोर त्याच्या हातात असला पाहिजे. सरांनी पास केलं. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून त्या दिवशी थोडा शिरा केला आणि एकटीनेच खाल्ला.

मग एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. जेवलीस का, वगैरे काही नाही.

"शेठनं जेसीबी लावला. पेव फाडलं."

"हवा कशी होती आतली?"

"कुणाला ठावं. सगळी वर आली आन् गेली." जरा थांबून म्हणाले, "तवा आवाज का दिला न्हाईस?"

"तुमीच सांगितलं व्हतं. वरनं आवाज न्हाई, तर खाली कुणी न्हाई."

ते पुष्कळ वेळ गप्प होते. या खेपेला मीच घाबरले. मग म्हणाले, "व्हय. सांगितलं व्हतं खरं."

गावाला आता माझं पेव नाही, आई नाही, आण्णांच्या बाहीवर हळदही नाही. गेल्या दिवाळीत गेले तर पाहुणी आल्यासारखी गादी टाकून दिली. घर म्हणजे काय, असं इथे कोणी विचारलं तर पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे, तालुका, जिल्हा, सगळं. आता तेवढ्याने भागत नाही.

तेव्हापासून आण्णा रोज संध्याकाळी सात वाजता फोन करतात. हातात दोर नसलेल्या माणसाने वर थांबू नये, हे मीच लिहून पास झालेय. आण्णांनाही आता पक्कं कळलंय, की मी इथे पडले-झडले तर ते मला ओढून काढू शकणार नाहीत. तरी सातला फोन वाजतो. दुसरं काही विचारत नाहीत.

"हाईस का?"

मी कुकर बंद करते आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणते, "हाय."