तीन तारांची धून

तरुणपणी नॅब्ला हेगार्टी हेरिंग मासळी साफ करण्याच्या कामासाठी उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर जात असे. तेथे तिच्या फिडलची, म्हणजे व्हायोलिनची, सर्वांत बारीक तार तुटली, नवी मिळाली नाही, आणि उरलेल्या तीन तारांवर तिने एक नाचाची धून रचली. धुनेला रचणाऱ्याचे किंवा शिकवणाऱ्याचे नाव द्यावे, हा आमच्या टीलन गावचा रिवाज. तरीही ही धून ‘फेलिमीची’ ठरली, कारण शेजारच्या फेलिमीने ती चौथ्या तारेवर नेऊन सजवली होती. मासे चिरणाऱ्या बाईला निर्मितीचे श्रेय देणे समाजाला जड जाते. नॅब्ला मात्र पन्नास वर्षे आपला हक्क सांगत राहिली.

मग एका उन्हाळ्यात समुद्रापलीकडच्या केप ब्रेटनहून लॉकलन नावाचा वादक आला. फेलिमीच्या घरी, सगळ्यांसमोर, त्याने तीच धून छेडली.

“अरे, बारीक तारेला हात लाव की! चावते का ती?” फेलिमी हसला.

“नाही काका. माझे आजोबा खलाशी होते. शेटलंडच्या बंदरात ज्या पोरीकडून ते ही शिकले, तिची ती तारच तुटली होती म्हणे.”

“आणि तुमच्याकडे हिला म्हणतात काय?”

“‘नॅब्लाची’.”

चुलीजवळून नॅब्ला म्हणाली, “तोंड मीट फेलिमी, माशी जाईल.”

पहिला हसला तो फेलिमीच. मग त्याने आपल्या फिडलची बारीक तार स्वतःच्या हाताने उतरवली आणि वाद्य तिच्यापुढे धरले.

“घे बाई. वाजव तुझी.”