सुलतानबीनं अंगावर काढलेलं दुखणं

मंगळवार पेठेत लग्न ठरलं की चुडा भरायला सुलतानबीलाच बोलावणं जायचं. तोंडानं फटकळ बाई, पण हात लोण्यासारखा. नवरीच्या मनगटाला ओरखडा म्हणून उठायचा नाही.

या सुलतानबीला वर्षभर शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध असेल म्हणत ती ताक पिऊन दिवस ढकलत राहिली. खरी धास्ती वेगळीच होती. तिची आई असंच रक्त जाऊन आतड्याच्या कॅन्सरनं गेली होती. डॉक्टरकडं गेलं की तेच नाव कानावर पडणार, म्हणून ती गेलीच नाही.

एका लग्नघरी नवरीचा हात हातात असतानाच तिला घेरी आली. लेक अरीबानं उचलून दवाखान्यात नेलं. अंगात रक्त निम्म्यावर आलेलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून मोठं आतडं बघितलं.

"मावशी, आत द्राक्षाएवढी गाठ होती. पॉलिप म्हणतात. दुर्बिणीतूनच काढली. आता तपासायला पाठवतो."

"कॅन्सर न्हाय न्हवं?"

"रिपोर्ट येईपर्यंत सांगता येत नाही."

घरी आली आणि दोनच दिवसांत पुन्हा भळाभळा रक्त सुरू झालं. रिक्षात अरीबाच्या मांडीवर डोकं टेकताना तिला वाटलं, संपलं आता. गाठ काढल्या जागी जखम वाहत होती. डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घालून चिमटा बसवला, तेव्हा कुठं रक्त थांबलं.

रिपोर्ट आला. गाठ साधीच होती. मात्र तशीच राहिली असती तर पुढं कॅन्सर होण्याचा धोका होता. "आईला कॅन्सर होता म्हणालात ना? मग भावंडांनीही तपासून घ्या," डॉक्टर म्हणाले.

अरीबाला रडू फुटलं, आनंदाचं. सुलतानबीला मात्र भाऊ आठवला. गगनबावड्यात चहाचं हॉटेल चालवणारा धाकटा भाऊ मीरासाब ईदला आला होता, तेव्हा किती सुकलेला दिसत होता! तिनं फोन लावला.

"मीरासाब, तुलाबी रक्त जातंय न्हवं?"

पलीकडं कपबशांची खडखड चालू होती. त्यानं आवाज खाली आणला, "तुला कुणी सांगितलं गं?"

"उद्याच्या पहिल्या यष्टीत बस. न्हाईतर तुझ्या हॉटेलात येऊन गिऱ्हाइकांसमोर इचारीन!"

तो आला. त्याच्या आतड्यात तीन गाठी निघाल्या. एक एवढी मोठी, की पोट उघडून काढावी लागली. त्या गाठीच्या टोकाला कॅन्सर सुरू झाला होता, पण तो आतड्यात खोल गेला नव्हता. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले.

पावसाळा सरता मीरासाब गल्ल्यावर परत बसला. सुलतानबीला तपासणीची तारीख जवळ आली की अजून धडकी भरते. तरी ती जाते, आणि भावालाही ओढून नेते.