बरोबर-चूक मोजणारे काका

बरोबर काय आणि चूक काय हे दंडाला पट्टा बांधून मोजणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच, आणि तो नेमका धरमपेठेत माझ्या शेजारी राहतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. हिंगण्याच्या कारखान्यात माल तपासण्यात हयात गेली, त्यामुळे तपासल्याशिवाय ते काहीच पास करत नाहीत, पापपुण्यसुद्धा नाही. पोथीत लिहिलंय, वाडवडील सांगून गेले, असल्या गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. खोटं बोललं की बीपी चढतं, खरं बोललं की उतरतं, म्हणून खरं बोलावं, हा त्यांचा सिद्धांत. मयताला गेले तरी "माणूस भारी तापट होता" असं सांगून यायचे आणि घरी येऊन आधी बीपीच्या मशीनचा पट्टा बांधायचे. गंमत म्हणजे, अंधश्रद्धेवर तासभर बोलणारा हा माणूस त्या मशीनपुढे मात्र देवापुढे बसावं तसा बसायचा. आता अडचण अशी, की "भाजी खारट झाली वं" असं खरं बोलून काकांचं बीपी उतरलं, की तिकडे काकूंचं चढायचं. मग दोघांपैकी कोणाचं धरायचं, असं मी एकदा विचारलं.

"प्रयोग सुरू हाये गा," काका म्हणाले. "घाई काहून करून राहिला?"

यंदा उन्हाळ्यात काकूंचं हृदय थकलं. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं. काकू विचारणार आणि हे खरं सांगणार, याची मला धास्ती. दवाखान्याच्या जिन्यात काकांना गाठून, एवढी वेळ खरं बोलू नका, असं मी विनवलं.

"आजवर तिच्याशी खोटं बोललो नाही मी," एवढं म्हणून ते आत गेले. मीही मागोमाग गेलो.

काकूंनी विचारलंच, "मी घरी येईन नं?"

काका खिडकीकडे पाहत म्हणाले, "येशीन नाही त काय. डॉक्टर म्हणे, बरी होऊन राहिली. कूलरले नवी खस लावून ठेवली मी."

काकू हसल्या. काका औषधं आणायला गेले, तेव्हा काकूंनी मला जवळ बोलावलं. "कधी बोललेच नाही, म्हणून खोटं जमत नाही ह्यायले," त्या म्हणाल्या. "पण माह्यासाठी बोलले रे बाबू. मले समजलं, हे त्यायले सांगू नको." इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

आता संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, की काका फाटकाशी उभे असतात. "तिले खरं वाटलं असन नं गा?" एवढंच विचारतात. मला फार जड जातं.

"हो काका," मी म्हणतो. "त्यांना खरंच वाटलं."